सहा तबकड्या आणि एक बँड

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून आला होता. पुढे फराळाचे ताट, कानात ती कापसाच्या बोळ्यासारखी दिसणारी यंत्रे, आणि मान आपली डोलते आहे. मला वाटले, स्वारी आजीच्या चिवड्याला दाद देते आहे! थोड्या वेळाने त्याने एक बोळा काढला आणि मला विचारले, "आजोबा, तुमच्या लहानपणचे आवडते अल्बम आणि बँड कोणते हो?"

मी म्हटले, "अल्बम माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. तुझ्या आजीचा नऊवारीतला फोटो आहे त्यात. आणि बँड म्हणशील तर कोपरगावचा. लाल डगले अन् पिवळी झालर."

तो इतका हसला की चकलीचा तुकडा घशात अडकला. मग त्याने मला समजावून सांगितले, की अल्बम म्हणजे गाण्यांचा संच, आणि बँड म्हणजे चार-पाच मुले मिळून गातात-वाजवतात ती मंडळी. मी मान डोलावली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, अरे, आपले उत्तर काही फारसे चुकले नव्हते. आमच्या काळी तबकड्या ठेवायला जाड पुठ्ठ्याचे, आत कागदी खिसे असलेले पुस्तक मिळे. त्यालाही अल्बमच म्हणत. तसे एक माझ्या ट्रंकेत फोटोंच्या अल्बमखाली आहे. त्यात सहा तबकड्या आहेत, पैकी एक फुटकी. आणि बँड? तो तर खराखुरा आमचाच होता.

पुणतांब्याचा रामचंद्र

त्या सहाही तबकड्या एकाच माणसाच्या चालींच्या आहेत, आणि तो माणूस आमच्या तालुक्यातला. दौंड-मनमाड लोहमार्गाने आपण कधी गेला असाल, तर कोपरगाव मागे पडल्यावर थोड्याच वेळात पुणतांबे लागते. गोदाकाठचे गाव, चांगदेव महाराजांची समाधी तिथे आहे. हल्ली ते राहाता तालुक्यात मोडते, त्या वेळी आमच्या कोपरगावात होते. (आणि जिल्हाही आता अहमदनगर राहिला नाही, २०२४ साली अहिल्यानगर झाला. पण माझ्या जिभेला अजून नगरच सवयीचे.) या पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. पुणतांब्याच्या पुढचे स्टेशन चितळी! त्या गावाचा आणि या आडनावाचा मेळ आम्ही मुले बिनदिक्कत घालीत असू आणि वर्गात त्यावर पैजा मारीत असू.

हेच सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणे शिकलेला हा तरुण नायक व्हायला म्हणून चित्रपटात गेला. 'नागानंद' नावाच्या बोलपटात १९३५ साली नायक झालाही. पण नशिबात पडद्यापुढचे नव्हे, पडद्यामागचे काम होते. सोहराब मोदींच्या मिनर्व्हात किरकोळ भूमिका, मग पेटीची साथ, आणि अखेर मास्टर भगवान यांच्या १९४२ सालच्या 'सुखी जीवन'ला संगीत. पुढची हकीकत उभ्या हिंदुस्थानला ठाऊक आहे. चाल लावताना सी. रामचंद्र आणि गाताना नुसते 'चितळकर', अशी एकाच माणसाची दोन नावे तबकडीवर छापून येत. आम्हांला मात्र ती दोन माणसे वाटत, आणि दोन्ही आमच्या तालुक्यातली म्हणून अभिमान दुप्पट!

मामांचा फोनो

आमचे वडील, नाना, शाळेत संस्कृत शिकवीत. घरात गाणे म्हणजे बालगंधर्व आणि हिराबाई. सिनेमाचे गाणे म्हणजे अभ्यासाचा शत्रू. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा नानांनी वर्तमानपत्र घडी करीत समाधानाने म्हटले, "एक तरी मंत्री शहाणा निघाला!"

पण नानांना मेहुणा होता, आणि मेहुण्याला मुंबईत नोकरी होती. मामांनी एका दिवाळीला आईसाठी पेटीचा फोनो आणला. भाऊबीज म्हणून आलेली वस्तू परत कशी करायची? पेटीला चावी द्यायची, सुई बदलायची, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळ्या चकतीवर हळूच टेकवायची. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे. तबकडी लाखेची, म्हणजे बांगडीच्याच जातीची; हातातून सुटली की संपली.

मामा दर खेपेला एक तबकडी आणीत. पहिली 'शहनाई'ची. तो बोलपट १९४७चा. त्यातले रविवारचे बोलावणे करणारे ते खट्याळ गाणे लागले की नाना छत्री घेऊन बाहेर पडत. दुसरी १९४९च्या 'पतंगा'ची, त्या टेलिफोनच्या गाण्याची. नवरा रंगूनला, बायको डेहराडूनला. शमशाद बेगम आणि चितळकर तारेवरून बोलताहेत. गावात टेलिफोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्यामुळे टेलिफोनवर असेच गाऊन बोलतात असा माझ्या धाकट्या भावाचा बरीच वर्षे समज होता.

तिसरी 'अलबेला'ची, १९५१ची. हा सिनेमा आम्ही यात्रेत तंबूत पाहिला होता. भगवानचे ते पाय न उचलता नाचणे दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणावर शंभर मुले करीत होती. पण मामांनी आणली ती नाचाची नव्हे, अंगाईची तबकडी.

या अंगाईची एक गंमत सांगितलीच पाहिजे. आई धाकट्याला निजवताना शब्द गाळून तिची नुसती चाल गुणगुणे. एकदा नाना वही तपासता तपासता थांबले आणि म्हणाले, "फार घरंदाज पिलू आहे. कुणाचे पद?"

आई म्हणाली, "रामचंद्राचे."

"वा!" नाना म्हणाले, आणि पुन्हा वहीत शिरले. हा रामचंद्र अयोध्येचा नसून पुणतांब्याचा आहे, हे काही तिने सांगितले नाही.

चौथी 'अनारकली'. केसकरांच्या बंदीमुळे लोक थांबले थोडेच? ते रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री आठला बाजारातल्या चहाच्या हॉटेलापुढे ही गर्दी. आत कपबशा वाजायच्या बंद होत आणि अमीन सयानींचा आवाज गोदावरीपर्यंत जाई. १९५३च्या वर्षअखेरीच्या 'बिनाका गीतमाले'त 'अनारकली'तले लताबाईंचे भीमपलासाच्या अंगाचे गाणे पहिले आले. त्या दिवशी हॉटेलवाल्याने उधारीवाल्यांनाही चहा पाजला. का, तर चाल आपल्या तालुक्याची!

लाल डगले

आता बँड. आमच्या गावचा बँड म्हणजे बारा-तेरा माणसे. दोन क्लारनेट, एक कर्णा, एक पोटाशी धरायचे भले मोठे पितळी वाद्य, एक छोटा आणि एक थोरला ढोल, झांजा आणि खुळखुळे. डगले लाल, झालर पिवळी, पायांत मात्र ज्याच्या त्याच्या वहाणा. ही पितळी वाद्ये आपल्या देशात गोऱ्या पलटणींबरोबर आली. नगरची छावणी तर जुनी आणि नावाजलेली. आमच्या बँडमास्तरांचे वडील तिथे पलटणीच्या वाजंत्र्यांच्या हाताखाली पितळ घासायला होते. घासता घासता ऐकून शिकले, आणि मोडीत निघालेला एक क्लारनेट घेऊन गावी आले. अशी त्या बँडची स्थापना.

बँडमास्तरांना सारे गाव 'मास्तर' म्हणे. नानांनाही 'मास्तर' म्हणे. गावात असे दोन मास्तर. फरक एवढाच, की एका मास्तरांना लोक ओट्यावर सतरंजी घालीत, आणि दुसऱ्या मास्तरांना पायरी दाखवीत. बँडमास्तर मातंग समाजातले होते. ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहत. त्या वस्तीला गाव ज्या नावाने हाक मारी ते मी इथे लिहीत नाही.

१९५६च्या वैशाखात आमच्या अक्काचे लग्न ठरले. बँड अर्थात मास्तरांचा. वरातीत 'अनारकली'चे गाणे वाजलेच पाहिजे, असा अक्काच्या मैत्रिणींचा हट्ट. मास्तर म्हणाले, "हाटिलापुढं दोनदा ऐकलंय, पन मधल्या जागा हातात येत न्हाईत. तबकडी ऐकाया मिळंल का?"

दुपारी ते आले. नाना शाळेत होते. आईने फोनो खिडकीपाशी ठेवायला सांगितले. मास्तर पायरीवर बसले. वर या असे त्यांना कुणी म्हटले नाही, आणि तुम्ही तिथेच बसा असेही कुणी म्हटले नाही. कुणी काही म्हणण्याची गरजच नव्हती. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा आदल्याच वर्षी, १९५५ साली, झाला होता. आमच्या घरी रोज वर्तमानपत्र येई, आणि मी ते वाचीतही असे.

मी चावी दिली. पहिल्यांदा मास्तरांनी डोळे मिटून ऐकले. दुसऱ्यांदा त्यांची बोटे हातातल्या काठीवर क्लारनेटच्या भोकांसारखी फिरू लागली. तिसऱ्यांदा ते तबकडीबरोबर गुणगुणले, आणि गाणे त्यांचे झाले! नोटेशन नाही, पेटी नाही, कागद नाही. मी हौसेने 'अलबेला'ची अंगाईही लावली. ती त्यांनी एकदाच ऐकली आणि म्हणाले, "ही बँडाची न्हाई. ही येकट्याची हाय."

मग त्यांनी तबकडी पाहायला मागितली. दोन्ही हात धोतराला पुसून त्यांनी ती कडेने धरली, लेबल माझ्यापुढे केले आणि विचारले, "बाळासाहेब, याच्यावर वाजिवनाऱ्याचं नाव लिव्हलंय का?"

मी वाचले. चित्रपटाचे नाव होते. गाणारीचे होते, चाल लावणाऱ्याचे होते, कंपनीचे तर कुत्र्यासकट होते. वाजवणाऱ्याचे नव्हते.

"न्हाई ना?" मास्तर हसले. "म्हंजी मुंबईतबी त्येच."

नानांचा चष्मा

वरात झोकात झाली. डोक्यांवर गॅसबत्त्या, मधे लाल डगले, आणि 'अनारकली'च्या त्या सुरांनी वेशीपर्यंत रस्ता भरून गेलेला. नाना व्याह्यांशी बोलत होते. गाणे सिनेमाचे आहे हे त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

पाठवणीच्या वेळी अक्का आईच्या गळ्यात पडली, तेव्हा मास्तरांनी हाताने बँड थांबवला. ढोल थांबले, झांजा थांबल्या. आणि एकट्या क्लारनेटवर त्यांनी ती अंगाई धरली. आईने एकदम वर पाहिले. वैशाखातली ती सकाळ, दारातला बैलांचा छकडा, आणि लेक सासरी जाताना पाळण्याचे गाणे! मांडवात बोलणारा एक माणूस उरला नाही.

नाना हळूच आईला म्हणाले, "हे तुझे ते पद ना? रामचंद्राचे?"

"हो."

"बँडवाल्याला कसे ठाऊक?"

आई म्हणाली, "पायरीवर बसून ऐकले त्याने. तबकडी आहे. सिनेमातली."

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला, आणि बराच वेळ पुसला.

फुटलेली तबकडी

त्याच उन्हाळ्यात मामांनी पाचवी तबकडी पाठवली, 'आझाद'ची. १९५५चा हा बोलपट दक्षिणेत, कोइमतूरला तयार झाला. नौशादांकडे आधी काम गेले, पण मुदत फार थोडी म्हणून त्यांनी नाकारले, आणि आमच्या रामचंद्रांनी ते पैज मारल्यासारखे उरकून दाखवले, अशी हकीकत सांगतात. त्यात लता आणि उषा या दोघी बहिणींनी मिळून गायिलेले एक नाचाचे गाणे आहे. ते ऐकल्यावर मला राहवेना. मास्तरांना पुन्हा पायरीवर बसवायचे, हे अक्काच्या लग्नानंतर मला कसेसेच वाटू लागले होते. म्हणून एका संध्याकाळी मीच फोनो सायकलच्या कॅरिअरला बांधला, तबकडी पिशवीत घातली आणि ओढा ओलांडला.

वस्तीत मला बसायला बाज दिली, वर घोंगडी टाकली. सगळा बँड गोळा झाला. डगल्यांवाचून ती माणसे मला आधी ओळखूच येईनात. लहान पोरे पेटीत डोकावून बाया कुठे बसल्या आहेत ते शोधीत होती. तबकडी अकरा वेळा लागली, मी मोजली. कर्णेवाल्याने थोरल्या बहिणीचे घेतले, मास्तरांनी धाकटीचे, आणि रात्री आठच्या सुमारास ओढ्याकाठी दोघी बहिणी पितळेतून नि लाकडातून गाऊ लागल्या.

परतताना अंधारात ओढ्याच्या उतारावर सायकल घसरली. फोनो वाचला. पिशवीत हात घातला तर तबकडीचे तीन तुकडे.

घरी नाना ओट्यावर कंदील घेऊन उभे होते.

"कुठे गेला होतास?"

"मास्तरांकडे."

"कोणत्या मास्तरांकडे?" कारण आमच्या घरात मास्तर म्हणजे ते स्वतः.

"बँडच्या."

पिशवीतले तुकडे त्यांनी पाहिले. मी गालावर हात ठेवूनच उभा होतो. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नुसत्या पिशवीत तबकडी फुटते. धोतरात गुंडाळून न्यावी." आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी फोनोच्या पेटीवर त्यांचे एक जुने, धुतलेले धोतर घडी करून ठेवलेले होते.

या गोष्टीचा शेवट, नानांनी मास्तरांना ओट्यावर बोलावले आणि दोन्ही मास्तर एका सतरंजीवर बसून गाणे ऐकू लागले, असा करायला मला फार आवडले असते. दिवाळी अंकाला तो शोभलाही असता. पण तसे घडले नाही. नानांचा पाय ओट्यावरून खाली आला नाही, मास्तरांचा पायरीवरून वर गेला नाही. मी मात्र धोतरात तबकड्या गुंडाळून जात राहिलो, आणि मला कुणी अडवले नाही. एवढेच घडले.

सहावी

सहावी तबकडी 'आशा'ची, १९५७ची. तीन निरर्थक शब्दांचे ते गाणे आजची मुलेही म्हणतात. अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी चकण्यावरून त्याची कल्पना सुचली, आणि रामचंद्रांचे गोव्याचे सहायक जॉनी गोम्स यांनी त्यात कोकणीतला 'मला नको' मिसळून दिला, असे सांगतात. मास्तरांना हे गाणे बेहद्द आवडले. "ह्याला अर्थ न्हाई, म्हून आमाला सोपं," ते म्हणत. "आमी कुटं शब्द वाजिवतो?"

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाचे गाणे सरकारी परवान्याने घरोघर आले. पुढे १९६३च्या जानेवारीत दिल्लीला पंडितजींसमोर लताबाईंनी कवी प्रदीपांचे ते हुतात्म्यांचे गाणे गायिले, तेव्हा नानांनी शाळेत सांगितले, "चाल आपल्या पुणतांब्याच्या माणसाची आहे." केसकरांचे नाव नानांनी पुन्हा काढल्याचे मला आठवत नाही.

मी नोकरीला बाहेर पडलो. सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले. मास्तर केव्हा वारले, ते मला वर्षभराने कळले, तेही दुसऱ्याच कामाने आलेल्या पत्रात शेवटच्या ओळीत. बँड पुढे मोडला. आता वरातीपुढे ट्रकवर भिंतीएवढे कर्णे असतात. गावाच्या छातीत धडकी भरते, पण पाठवणीला ढोल थांबवायचा हे कळणारे त्यात कुणी नसते.

नाव लिहिले आहे का?

मास्तरांचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. म्हातारपणी सवड मिळाली तेव्हा मी वाचीत गेलो. रामचंद्रांच्या गाण्यांत जो कर्णा ऐकून मास्तर माना डोलवीत, त्यामागे चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ होते, गोव्यातल्या हळदोण्याचे. मुंबईच्या बड्या हॉटेलांत त्यांचा बँड वाजे. 'अलबेला'त तर ते पडद्यावर बँडासकट दिसतातही. तंबूत बसून मी त्यांना पाहिले होते, पण नाव ठाऊक नव्हते. ग्रेगरी बूथ नावाच्या न्यूझीलंडमधल्या प्राध्यापकांनी या सिनेमाच्या वादकांवर आणि २००५ साली लग्नाच्या बँडवाल्यांवरही पुस्तक लिहिले. दुसऱ्याचे नाव 'ब्रास बाजा'. साता समुद्रांपलीकडचा माणूस आपल्या बँडवाल्यांची नावे विचारीत गावोगाव हिंडला. आणि मी? वीसेक वेळा ओढा ओलांडला, त्यांच्या बाजेवर बसलो, त्यांचा गुळाचा चहा प्यालो. पण मास्तरांचे पुरे नाव विचारायचे मला एकदाही सुचले नाही.

हे मी नातवाला सांगितले. त्याने हातातल्या यंत्रावर 'अनारकली'चे गाणे शोधून काढले आणि लावले. मी विचारले, "त्यात वाजवणाऱ्याचे नाव लिहिले आहे का?" त्याने बोटाने वर-खाली करून पाहिले. चित्रपट होता, गायिका होती, संगीतकार होता, कंपनी होती.

"नाही, आजोबा," तो म्हणाला.

या दिवाळीला तो अल्बम मी त्याच्या हवाली करणार आहे, फुटक्या तबकडीसकट, आणि नानांच्या धोतरात गुंडाळून. आपल्याकडे एक मागणे आहे, वाचकहो. आपल्या घरच्या लग्नात ज्यांनी क्लारनेट, सनई किंवा हलगी वाजवली, त्यांतले कुणी अजून हयात असेल, तर फराळाचे ताट घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांचे पुरे नाव विचारा, आणि लग्नाच्या फोटोमागे शाईने लिहून ठेवा. माझ्या हातून ते राहून गेले.